आंबाडीच्या भाजीला दिलेला होकार

कॅमेऱ्यासमोर बसवलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न नेहमी जेवणाचा विचारत आलो. "आज भाजी काय केली?" उत्तराशी मला काही घेणं नसे. आवाज किती चढतो-उतरतो ते पाहून माइक जुळवायचा असतो, चेहऱ्यावरचा उजेड बघायचा असतो, आणि तेवढ्यात माणूस जरा सैल झाला तर बरंच. काही जण "एक, दोन, तीन म्हणा" असं सांगतात. त्यानं माणूस शाळेतल्या पोरासारखा ताठ होतो. भाजीचं विचारलं की हसतो, मान हलवतो. ते हसू, ती मान आम्ही टेपवर घेऊन ठेवतो. पुढे संकलनात एखादं वाक्य कापावं लागलं, तर त्या जोडावर झाकण म्हणून उपयोगी पडतात. झाकणाचा आवाज आम्ही बंद ठेवतो. वर दुसऱ्याच कुणाचं बोलणं चालू असतं आणि खाली मुकी मान हलते. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस ते बोलणं ऐकतोय आणि त्याला ते पटलंय.

धंद्याचा हा रिवाज मी उभा जन्म पाळला. एका बाईची मान मी अशीच वापरली. ती मान तिनं कशाला हलवली होती, हे सांगायला मी आता बसलो आहे. बसलो आहे म्हणजे काय, दोन ओळी लिहितो आणि उठतो. बायको स्वयंपाकघरातून बघते. ती ऊर्जानगरच्या बाजूला एका शाळेत शिकवत होती. निवृत्त झाली तरी वर्गावरची नजर गेलेली नाही. "पायाला भिंगरी लावली का? एका जागी बसून एक पान लिहून दाखवा," म्हणते. मी गॅलरीत जातो, खाली पाळी सुटून परतणाऱ्या मोटरसायकली बघतो, परत येतो. पान तसंच असतं.

माझा धंदा छोटा. चंद्रपुरात एक खोली, एक कॅमेरा, नंतर एक संगणक. शूटिंग मी, आवाज मी, संकलन मी. लग्नं करत करत कारखान्यांच्या फिल्मांकडे आलो: हेल्मेट घाला, पट्टा बांधा, आमची कंपनी झाडे लावते. त्यातून जे उरे त्यावर माझ्या आवडीच्या डॉक्युमेंट्री. गडचिरोलीत बांबू तोडणाऱ्यांवर एक केली, हेमलकशाच्या रस्त्यावर पुलाविना अडकून पडणाऱ्या माणसांवर एक. त्या फिल्मा पाहून लोक म्हणत, तुम्ही गरिबांची बाजू घेता. मलाही तसंच वाटायचं. कंपनीचं काम हे पोटाचं आणि ते माझं, असा मी मनात बांध घातला होता. पाणी दोन्हीकडे एकच आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

वरोऱ्याच्या पलीकडे एक गाव होतं. नाव देत नाही. देऊन उपयोगही नाही, तिथे आता कोळशाची खाण आहे. तेव्हा खाण गावाच्या शिवेपर्यंत येऊन थांबली होती आणि पुढे सरकायचं म्हणत होती. त्यासाठी जनसुनावणी व्हायची होती, म्हणजे मांडव घालून, सरकारी अधिकाऱ्यांसमोर गावाचं म्हणणं ऐकायचं. त्या मांडवात दाखवायला कंपनीला एक छोटी फिल्म हवी होती. काम देणारा साहेब गोड बोलणारा होता. "गावातल्या चार-पाच लोकांचं बोलणं घ्या. खरं खरं. आम्हाला काही लपवायचं नाही," म्हणाला.

मी गेलो. कापूस वेचून झाला होता, अंगणाअंगणात पऱ्हाट्या रचलेल्या. गावातल्या बायकांनी आपसात ठरवून एकीला पुढे केलं होतं. कारण ती बोलायला खमकी. विहाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. एकाच अंगणात दोन चुली, एक तिची, एक तिच्या मोठ्या जावेची. गाव त्यांना धाकटी आणि मोठी म्हणे, मीही तेच म्हणतो. दोघी एकमेकींच्या ताटात हात घालून जेवणाऱ्या. मी तिवई लावत होतो तेव्हा मोठी माझ्या मागे मिरच्या वाळत घालत होती आणि माझी चेष्टा चालली होती.

"भाऊ, तिचा फोटो काढता तं माहाबी काढा. मी काय वाईट दिसतो?"

"तुले पाहून मशीन बंद पडन," धाकटी म्हणाली.

"पडू दे. कंपनीची हाये."

मी हसलो, धाकटीच्या पदराला माइक लावला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "बाई, आज भाजी काय केली?"

"आंबाडीची. कण्या टाकून."

आणि तिनं हसून दोनदा मान हलवली. मला वाटलं, माझ्याकडे बघूनच. उजेड छान होता, डाव्या गालावर ऊन. मी मनात म्हटलं, हे कामाला येईल.

मग ती बोलली. तिचं बोलणं मला आजही जसंच्या तसं सांगता येईल, कारण मी ते अलीकडे पुष्कळदा ऐकलं आहे. "आमी जाणार नाई. तुमी कागद घेऊन आले, आले तं जेवून जा. आमच्याइथून कोणी उपाशी गेला नाई. पण कागद वापस न्या." यापुढे ती बराच वेळ विहिरीबद्दल बोलली, तिच्या सासऱ्यानं ती कशी खणली आणि ती कधी आटली नाही; विहीरही मी टेपवर घेतली. बोलून झाल्यावर तिनं मलाही जेवायला वाढलं. आंबाडी मी तिथे खाल्ली.

संकलनाच्या वेळी साहेब माझ्या खोलीत खुर्ची टाकून बसला. धाकटीचं बोलणं आलं तसं म्हणाला, "ही विहीर फार लांबते हो." मी विहीर कापली. "आणि तो कागदाचा भाग जरा कडवट वाटतो. फिल्मचा सूर बिघडतो." मी तोही कापला. मग तिचं काहीच उरलं नाही. साहेबाचं स्वतःचं भाषण होतं, त्यात तो एका ठिकाणी अडखळला होता. "गावकरी मोठ्या मनाने या विकासाबरोबर आहेत" या वाक्याच्या मधोमध. तो जोड झाकायला काहीतरी हवं होतं. मी सवयीनं धाकटीची मान तिथे लावली, आवाज बंद केला. जोड दिसेनासा झाला. साहेब म्हणाला, "वा. जिवंत वाटतं." मलाही वाटलं. मी त्यात अन्याय बघितलाच नाही, कारागिरी बघितली. कुणी दमदाटी केली असती, तर मी ते काम सोडूनही दिलं असतं कदाचित. कुणी केली नाही.

सुनावणीच्या दिवशी मांडव भरला होता. पुढे अधिकारी, मागे गाव, कडेला पोलीस. प्रोजेक्टर माझा होता, म्हणून मी त्याच्याजवळ उभा. फिल्म सुरू झाली. साहेबाचा आवाज घुमला, गावकरी मोठ्या मनाने, आणि पडद्यावर, माणसापेक्षा मोठी, धाकटी हसली आणि तिनं दोनदा मान हलवली.

मांडवातलं एकेक डोकं तिच्याकडे वळलं. मी ते मागून बघत होतो.

ती उठून उभी राहिली. "मी तं भाजीचं सांगून राह्यली होती," ती म्हणाली. कुणीतरी हसलं. ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "भाजीचं जी! मोठी होती तिथी, विचारा तिले. त्या शूटिंगवाल्या भाऊले विचारा."

लोकांनी मोठीकडे पाहिलं. मोठी खाली बघत म्हणाली, "मले नाई माहीत. मी मिरच्यात होती."

मग लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो आणि प्रोजेक्टरची वायर तपासू लागलो. वायरीला काही झालेलं नव्हतं. मी ती काढली, फुंकर मारली, परत खोचली. माइकवाला म्हणाला, "बसा बाई, तुमची पाळी आल्यावर बोला." तिची पाळी आली तेव्हा ती मांडवात नव्हती.

एक फिल्म दाखवली म्हणून गाव उठलं, असं मी म्हणत नाही. तेवढी ताकद माझ्यात नव्हती. खाण आली असतीच. पण गावाला उठताना कुणावर तरी राग काढायचा होता. कंपनी लांब होती, धाकटी जवळ होती. ती आतून मिळालेली आहे, तिला रांगेतला कोपऱ्याचा प्लॉट मिळणार, असं बोललं गेलं. नव्या वसाहतीत तिला सगळ्यांसारखाच प्लॉट मिळाला, तरी बोलणं थांबलं नाही. मोठीचं घर त्याच रांगेत, मध्ये दोन घरं सोडून. अंगण एक राहिलं नाही. बोलणंही राहिलं नाही. हे मला तिकडच्या एका जीपवाल्याकडून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. नंतर मी त्या जीपनं जाणं सोडलं. कामाला जायचं झालं तर भद्रावतीवरूनच मागे फिरायचो, वरोऱ्याची कामं टाळायचो. बायको म्हणे, "तिकडे काय वाघ बसला आहे का?" वाघाला आमच्याकडे कुणी घाबरत नाही, हे तिलाही माहीत होतं.

मागच्या वर्षी एका नातलगाच्या तेराव्याला वरोऱ्याला जावं लागलं. परतताना बाजारातून चाललो होतो. भाजीच्या रांगेत एक म्हातारी वाकून वांगी निवडत होती. संकलनात पुन्हा पुन्हा पाहिलेल्या त्या डाव्या गालावरून ओळखली. मी थबकलो. भाजीवाला विशी-बाविशीचा, तिला म्हणत होता, "घ्या ना डोलवीबाई, ताजे हायेत."

डोलवी म्हणजे मान डोलावणारी. गावानं ठेवलेलं हे नाव मी जीपवाल्याकडून ऐकलं होतं. पण भाजीवाल्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला तेच तिचं नाव वाटत होतं. तिनंही मान वर न करता "कसे दिले?" विचारलं.

त्या रात्रीपासून झोप गेली असं लिहिलं तर खोटं होईल. झोप येत होती. बसवत नव्हतं. जेवताना उठायचो, फिरताना परत फिरायचो. शेवटी माळ्यावरचे खोके खाली काढले. छोट्या टेपा, अर्ध्यांना पांढरी बुरशी. ती टेप सापडली, तर ती चालवणारं यंत्र माझ्याकडे उरलं नव्हतं. चंद्रपुरात एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे जुना कॅमेरा निघाला. त्याच्या दुकानात उभ्यानंच मी ती टेप लावली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मान आवाजासकट पाहिली.

"बाई, आज भाजी काय केली?" माझा आवाज, तरुण आणि घाईतला.

"आंबाडीची. कण्या टाकून."

आणि लगेच, माझ्या मागून, मिरच्यांच्या बाजूनं, "अवो धाकटे, मीठ टाकलं का?"

त्या प्रश्नाला तिनं हसून दोनदा मान हलवली. माझ्याकडे ती बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, जावेकडे बघत होती.

मी दुकानदाराला परत लावायला सांगितलं. पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "काका, बसा तरी." मोठी तिथे होती. तिनं विचारलं होतं. माझ्या कानावर त्या दिवशीही हेडफोन होता, म्हणजे मी ते ऐकलंही असणार. पण कामाचा नसलेला आवाज कानात शिरू द्यायचा नाही, हीही आमची सवयच.

मला वाटलं, पुरावा मिळाला. पुरावा घेऊन माणूस जसा जातो तसाच तरातरा मी वसाहतीत गेलो. धाकटीनं दार उघडलं. मी कोण ते सांगावं लागलं नाही. "या," म्हणाली, आणि खुर्ची पुढे केली. टेप लॅपटॉपवर उतरवून आणली होती, तो मी उभ्यानंच उघडला.

तिनं सगळं पाहिलं. स्वतःचं बोलणं आलं तेव्हा ओठ हलले. विहीर आली तेव्हा पडद्यावर बोट ठेवलं. मिठाचा प्रश्न आला तेव्हा ती मुळीच दचकली नाही.

"तुम्हाला आठवत होतं?" मी विचारलं.

"मले काऊन नाई आठवणार? मान माही हाये ना."

"मग त्या वेळी, नंतर, कधी म्हणाला का नाहीत, की मोठीनंच विचारलं होतं?"

"म्हटलं ना मांडवात, विचारा तिले. थे नाई म्हणे. मंग काय तिचे केस धरू?" तिनं पदर सारखा केला. "तुमी तं वायर पाहून राह्यले होते."

मी लॅपटॉप मिटला आणि म्हणालो, की समाजमंदिरात टीव्ही आहे, मी सगळ्यांसमोर हे दाखवतो. आता कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही.

"मले नाई म्हणणार. मंग कोणाले म्हणन? तिले." ती उठली, दारातून त्या रांगेकडे बघून आली. "म्हातारी झाली थे. पोरगा दूर हाये. आता तिच्या मांगं लावता का सारी वसाहत? तुमी असं करा, माहं बोलणं दाखवा. विहिरीचं दाखवा. मान दाखवा. पण तिचा आवाज काढून टाका."

"आवाज काढला तर ती मान कशाला हलली, हे कसं कळणार?"

"तुमी सांगा ना. तोंड हाये ना तुमाले."

म्हणजे पुन्हा तीच मान, पुन्हा मुकी. घरी येऊन मी ते केलं. आयुष्यात इतकं सोपं संकलन इतक्या जड हातानं केलं नसेल. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाई बरोबर बोलली. तुम्हाला पुरावा पाहिजे होता तो स्वतः बोलायला लागू नये म्हणून."

रविवारी दुपारी बचतगटाच्या बायका समाजमंदिरात जमतात. त्यांना विचारून वेळ घेतली. बायकांमागून पुरुषही आले, दारात उभे राहिले. धाकटी दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर. मोठी मागे भिंतीला टेकून, काठी मांडीवर. तिला कुणी बोलावलं होतं मला माहीत नाही.

आधी धाकटीचं न दाखवलेलं बोलणं लावलं. कागद वापस न्या, असं ती म्हणाली तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. विहीर दिसली तेव्हा बायका पुढे सरकल्या, एकमेकींना काहीतरी दाखवू लागल्या; ते तुह्यं कुंपण, ते आमचं बाभूळ. एक म्हातारा म्हणाला, "हे तं बोलली होती काय थे?" मग मी ती मान दाखवली आणि टीव्हीसमोर उभा राहिलो. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे काढलेल्या माणसाला हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. मी म्हणालो, की ही मान साहेबाच्या बोलण्याला हललेली नव्हती. ती भाजीच्या प्रश्नाला हलली होती. ती तिथे मी लावली, आणि मांडवात मला विचारलं तेव्हा मी गप्प बसलो.

दारातला एक जण म्हणाला, "भाजीचं कोणं विचारलं होतं?"

"मी. मीच विचारलं."

"खोटं नोका बोलू, भाऊ," मागच्या भिंतीकडून आवाज आला.

मोठी काठीवर भार देऊन उभी राहत होती. एकीनं हात पुढे केला, तो तिनं बाजूला केला. "यानं भाजी विचारली. मीठ म्या विचारलं. मान मले हालवली तिनं. मी होती तिथी. मांडवात सारे तिच्याकडे पाहून राह्यले होते, मी हो म्हटली असती तं माह्याकडं पाह्यलं असतं. म्हणून मिरच्यात होती म्हटली."

"अवो, चूप बस ना आता," धाकटी दारातून म्हणाली.

"चूपच तं बसली होती."

पुढे कुणी काय बोललं ते नीट आठवत नाही. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. दारातला माणूस म्हणाला, "आता बोलून काय, तिथी तं कोळसा निघून राह्यला," आणि तेही खरंच होतं. कुणी माझ्यावर ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी वायरी गुंडाळत होतो, तेव्हा दोघी बाहेर पडल्या. धाकटी पुढे, मोठी मागे. धाकटी तिच्यासाठी थांबली नाही, पण चालत मात्र अगदी हळू होती.

बाजाराच्या दिवशी मी पुन्हा वरोऱ्याला गेलो. काम काही नव्हतं. भाजीच्या रांगेसमोर, रस्त्याच्या अलीकडे, कधी या टपरीशी कधी त्या टपरीशी उभा राहिलो. उन्हं चढल्यावर दोघी आल्या. धाकटीच्या हातात पिशवी, मोठीच्या हातात काठी. भाजीवाल्यानं तिला बघून हाक मारली, "डोलवीबाई, आंबाडी आली ना आज."

धाकटी वाकून जुड्या बघू लागली. मोठी मात्र थांबली. काठीनं तिनं त्याच्या टोपल्याला हळूच टोचलं. "काय म्हणून राह्यला तू तिले? नाव हाये तिले."

"काय नाव?" तो खरंच गोंधळला होता.

मोठीनं सांगितलं. वरोऱ्याच्या त्या गर्दीत, रस्त्यापलीकडून मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे, आणि माझ्या हातून तिचं बरंच काही एकदा वापरून झालं आहे. भाजीवाल्यानं ते एकदा म्हणून पाहिलं, थोडं चुकीचं. मोठीनं दुरुस्त केलं. धाकटी जुडी हातात धरून भाव करत होती, वर बघत नव्हती. मी रस्ता ओलांडला नाही. बसची वेळ झाली होती, तरी तो तिसऱ्यांदा बरोबर म्हणेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.